मांडीत साकळलेले रक्त सोनोग्राफीखाली सुईने काढावे का, आणि केव्हा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या चौतीस वर्षांच्या धाकट्या भावाला ऊस भरताना ट्रॉलीच्या फाळक्याचा उजव्या मांडीवर जोराचा मार बसला. त्याला १२ दिवस झाले. हाड मोडलेले नाही हे एक्स-रेवरून स्पष्ट झाले आहे. परंतु मांडीच्या पुढच्या बाजूला घट्ट, दुखरी गाठ आहे, गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नाही, आणि सोनोग्राफीच्या अहवालात मांडीच्या स्नायूत ९ × ४ × ३ सेंटिमीटर आकाराचा, काही भाग घट्ट व काही भाग पातळ असलेला रक्ताचा साठा नोंदवला आहे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी सोनोग्राफीत पाहत सुईने रक्त काढू असे सांगितले, आणि गावच्या तालमीतले वस्ताद मालीश करून गाठ फोडून देतो म्हणतात. यांपैकी काय करावे?

मालीश मुळीच करू नये आणि शस्त्रक्रियेची घाई करू नये. सुईचा मार्ग बहुधा योग्य ठरेल; मात्र १२ दिवसांपूर्वी किंवा आठवड्यापूर्वी काढलेल्या अहवालावर विसंबून सुई घालता येत नाही. सुई घालण्याच्या दिवशी, ती घालणाऱ्यानेच, पुन्हा एकदा नीट पाहावे लागते. मी बेळगावात बरीच वर्षे स्नायू व सांध्यांची सोनोग्राफी आणि तिच्या आधाराने करायचे सुईचे उपचार करीत आलो आहे. माझ्याकडे ‘रक्त काढून द्या’ म्हणून पाठवलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांना मी सुई न लावता परत पाठवतो, कारण एक तर गाठ अजून काढण्याजोगी पातळ झालेली नसते, किंवा ती आपोआप विरत असते, किंवा ती साकळलेल्या रक्ताची नसतेच.

मार बसल्यावर पहिल्या काही तासांत बाहेर आलेले रक्त पातळ असते आणि स्नायूच्या तंतूंमध्ये झिरपलेले असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते आजूबाजूच्या स्नायूइतकेच करडे दिसू शकते. त्यामुळे मार लागला त्याच संध्याकाळी केलेली तपासणी पुष्कळदा काहीच दाखवत नाही, आणि दोन दिवसांनी तीच मांडी पुन्हा पाहिली तर मोठा साठा स्पष्ट दिसतो. ४८ ते ७२ तासांनंतरची तपासणी अधिक भरवशाची असते. तोवर रक्त गोठून त्याची गुठळी बनलेली असते, आणि गोठलेले रक्त कितीही जाड सुईतून येत नाही. त्यानंतर गुठळी हळूहळू विरघळू लागते. बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात साठ्याचा बराच भाग पातळ होतो व पडद्यावर काळा दिसू लागतो. पुढे त्याच्याभोवती जाड कवच तयार होते, आतला द्रव तांबूस-पिवळसर होत जातो, आणि काही गाठींत शेवटी व्रणासारखा कडक पेशीसमूह उरतो. हा क्रम दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाही. दहाव्या दिवशी पूर्ण पातळ झालेला साठा मी पाहिला आहे आणि तीन आठवड्यांनीही घट्ट राहिलेला पाहिला आहे. म्हणून ‘किती दिवस झाले’ या प्रश्नापेक्षा ‘आज आत काय आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तो प्रश्न सोडवण्याची रीत सोपी आहे, पण तिला दोन मिनिटांची सवड द्यावी लागते. प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, गाठीवर ठेवून हलकेच दाबायचा आणि सोडायचा. आतले बारीक कण भोवऱ्यात फिरल्यासारखे हलले, पोकळीचा आकार दाबासरशी बदलला, तर आत द्रव आहे. सगळा साठा एकसंध सरकला आणि आत काहीच हालले नाही, तर गुठळी अजून घट्ट आहे. काही वेळा रुग्णाला दहा मिनिटे स्वस्थ झोपवले की जड रक्तपेशी तळाशी बसतात आणि वर पातळ द्रवाचा थर स्पष्ट सुटतो. असा आडवा थर दिसला तर रक्त गोठण्यात काही अडचण नाही ना, किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत नाही ना, हे मी आवर्जून विचारतो. आपल्या अहवालात साठा असा मिश्र असल्याचे जे लिहिले आहे त्यावरून किती भाग पातळ व किती घट्ट हे कळत नाही. ते पुन्हा पाहूनच ठरेल.

आकारावरून प्रमाणही काढता येते. तिन्ही मापे गुणून त्याला ०.५२ ने गुणले की मिलिलिटरमध्ये अंदाज मिळतो. आपल्या भावाच्या बाबतीत तो साधारण ५६ मिलिलिटर येतो. मांडीसाठी हे प्रचंड नाही, पण नगण्यही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे रक्त कोणत्या थरात आहे. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत साठलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, आणि मार मांडीच्या मध्यावर बसलेला असताना चार-पाच दिवसांनी गुडघ्याशी काळे-निळे दिसू लागते. घरचे घाबरतात, परंतु अशा रुग्णांच्या वेदना लवकर कमी होतात आणि गुडघाही लवकर वाकू लागतो. उलट रक्त एकाच स्नायूच्या आवरणात कोंडलेले असेल तर त्वचेवर फारसे काही दिसत नाही, पण आतला दाब कमी होत नाही, दुखणे लांबते आणि गुडघा अडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंतील सर्वांत आतला स्नायू हाडाला चिकटून असतो. बाहेरचा आघात आणि आतले हाड यांच्यामध्ये तो चिरडला जातो. फाळक्याच्या, शिंगाच्या किंवा कबड्डीत गुडघ्याच्या माराने होणारे साठे बहुधा तेथेच सापडतात. आपल्या वर्णनावरून भावाचाही साठा याच प्रकारचा वाटतो.

लहान साठा शरीर आपणच शोषून घेते. दोन-तीन सेंटिमीटरचा, दिवसेंदिवस मऊ होत जाणारा आणि हालचाल फारशी न अडवणारा साठा सुईने काढण्यात लाभ नाही; संसर्गाचा धोका मात्र फुकटचा येतो. सुईचा विचार मी तेव्हा करतो जेव्हा साठा मोठा आणि बहुतांशी पातळ असतो, दहा-बारा दिवसांनीही तो कमी होत नाही, सांध्याची हालचाल अडलेली असते, एखाद्या मज्जातंतूवर दाब येऊन पायाला मुंग्या येत असतात, किंवा आत पू झाल्याची शंका असते. आपल्या भावाची गुडघ्याची अडचण हे त्यातले पुरेसे कारण आहे, जर साठा पातळ झाला असेल तर.

आता सुई कोणाला लावू नये हे जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते सोनोग्राफीचा खरा उपयोग येथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ठोके देणारी गाठ. धारदार वस्तूने, कोयत्याने किंवा हाडाच्या तुकड्याने धमनीच्या भिंतीला छिद्र पडले, तर तेथून बाहेर येणारे रक्त भोवतालच्या मांसात पोकळी करून साठते आणि धमनीशी जोडलेलेच राहते. ठोके स्पष्ट जाणवत नसतील तर हाताला ती साध्या साठ्यासारखीच लागते. रंगीत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, लावले की आतले रक्त एका बाजूने आत व दुसऱ्या बाजूने बाहेर, लाल-निळ्या अशा दोन अर्ध्यांत घोटाळताना दिसते. अशा गाठीत सुई घालणे म्हणजे उघड्या धमनीत सुई घालणे होय. तिचा उपचार वेगळा आहे आणि तो रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे किंवा त्या तयारीच्या रुग्णालयात करायचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याच्या जखमा आमच्याकडे येतातच; वरची त्वचा टाके घालून भरलेली असते आणि तीन आठवड्यांनी तेथे सूज येते. अशा प्रत्येक रुग्णात डॉपलर न लावता सुई उचलू नये.

दुसरी गोष्ट मी अधिक गंभीर मानतो, कारण ती गोंडस चेहऱ्याने येते. माणूस सांगतो की महिन्यापूर्वी बैलगाडीला किंचित धडक लागली आणि तेव्हापासून गाठ आहे. मार किरकोळ, गाठ मात्र मोठी, आणि ती कमी होण्याऐवजी वाढते आहे. मांसाचे काही कर्करोग आतून रक्तस्राव करून हुबेहूब साकळलेल्या रक्तासारखे दिसतात. आत घट्ट भाग असेल आणि त्या घट्ट भागात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसत असेल, तर ते नुसते साकळलेले रक्त नाही असे धरून चालावे, कारण गुठळीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेथे सुई घालून रक्त ओढले तर रोगाच्या पेशी सुईच्या वाटेने पसरू शकतात आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. अशा रुग्णाचा आधी एमआरआय करावा आणि तुकडा काढून तपासणी करायची असेल तर ती पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सल्ल्यानेच, त्यांनी दाखवलेल्या जागेतून करावी. मार आणि गाठ यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. पोटरीत किंवा अग्रबाहूत मार बसल्यानंतर काही तासांत वेदना माराच्या मानाने भलतीच वाढत जाते, गोळ्यांना दाद देत नाही, आणि पायाची बोटे दुसऱ्याने नुसती वर ओढली तरी रुग्ण कळवळतो. हे स्नायूंच्या कप्प्यातील, म्हणजे घट्ट आवरणाने बंदिस्त केलेल्या भागातील, दाब वाढल्याचे लक्षण आहे. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण नाडी शेवटपर्यंत लागू शकते. येथे ना सोनोग्राफीची वाट पाहायची, ना सुईचा प्रयोग करायचा. कप्पा उघडण्याची शस्त्रक्रिया काही तासांत झाली नाही तर स्नायू मरतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांतून, विशेषतः पावसाळ्यात, मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच किती वेळ जातो हे तेथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून अशी वेदना सुरू होताच ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नये आणि पट्टी घट्ट बांधलेली असेल तर आधी ती सोडावी. आपल्या भावाच्या बाबतीत १२ दिवसांनंतर ही शक्यता उरलेली नाही.

याच ओघात पोटरीचा आणखी एक घोळ सांगतो. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटून तेथे रक्त साठले की पाय सुजतो, आणि शिरेत गुठळी झाली तरीही पाय तसाच सुजतो. सोनोग्राफी न करता शिरेतली गुठळी समजून रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू झाली, तर स्नायूतला रक्तस्राव वाढून वर सांगितलेला दाबाचा प्रकार ओढवू शकतो. शिरा आणि स्नायू दोन्ही एकाच बैठकीत पाहावेत. काही थोड्या रुग्णांत दोन्ही गोष्टी एकत्रही असतात आणि मग निर्णय खरोखर कठीण होतो.

लहान मुलाला किरकोळ पडण्याने मोठा साठा झाला, किंवा घरात मामाला रक्त न थांबण्याचा आजार होता असे कळले, तर हिमोफिलियाची तपासणी होईपर्यंत सुईला हात लावू नये. त्या मुलाला आधी रक्तातला कमी असलेला घटक द्यावा लागतो. बहुतेकदा तेवढ्यानेच भागते.

सुई घालण्याची प्रक्रिया प्रत्यक्षात कशी असते हे बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते आणि त्यामुळे भीती वाटते, म्हणून ती सांगतो. रुग्णाला उताणे झोपवून गुडघ्याखाली उशी देतात. वरवरच्या गाठीसाठी ७ ते १५ मेगाहर्ट्‌झचा सरळ प्रोब पुरतो. जाड मांडीत हाडाजवळचा साठा पाहायला पोटाच्या सोनोग्राफीचा कमी वारंवारितेचा वक्र प्रोब लागतो. मांडीच्या आतल्या बाजूने मुख्य धमनी व शीर जाते, ती आधी डॉपलरवर पाहून कातडीवर पेनाने खूण करून ठेवणे मला बरे वाटते. मग सुईची वाट ठरवायची. गाठीच्या माथ्यावर, जेथे कातडी ताणून पातळ झालेली असते, तेथून सरळ खाली जाणे सर्वांत सोपे दिसते आणि नेमके तेच टाळायचे असते. तेथील छिद्र नंतर बुजत नाही, झिरपत राहते आणि त्यातून जंतू आत शिरतात. थोडे बाजूने, निरोगी कातडी व स्नायू यांतून तिरके गेले की सुई काढल्यावर वाट आपोआप मिटते.

त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करून, प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवून आणि निर्जंतुक जेली वापरूनच पुढे जावे. नेहमीच्या बाटलीतली जेली या कामाला चालत नाही. कातडीपासून पोकळीच्या भिंतीपर्यंत लिग्नोकेनची भूल दिली की रुग्णाला पुढे दाब जाणवतो, वेदना फारशी नाही. सुई १८ क्रमांकाची घेऊन पाहावी आणि रक्त दाट असेल तर १६ किंवा १४ क्रमांकाची घ्यावी; क्रमांक जितका लहान तितकी सुई जाड. प्रोबच्या लांबीला समांतर सुई पुढे नेली की ती पडद्यावर संपूर्ण, चकाकत्या रेषेसारखी दिसते. टोक दिसेनासे झाले तर सुई पुढे ढकलू नये. थांबावे, प्रोब किंचित हलवून टोक शोधावे आणि मगच पुढे जावे. शिकाऊ डॉक्टरांचा हात नेमका याच क्षणी घाई करतो.

टोक पोकळीच्या मध्यावर आले की सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढायचा. जुने पातळ झालेले रक्त काकवीसारखे काळपट आणि दाट येते. लाल, ताजे, दट्ट्या न ओढताही वर चढणारे रक्त आले तर तेथेच थांबावे. जोराने ओढले तर पोकळीची भिंत सुईच्या तोंडावर चिकटते आणि रक्त संपल्याचा भास होतो. मग सुई थोडी फिरवावी, दुसऱ्या हाताने गाठीच्या कडेने दाब देऊन साठा सुईकडे लोटावा. साठ्याच्या आत पातळ पडदे येऊन कप्पे पडले असतील तर ते एकेक करून सुईनेच मोकळे करावे लागतात. काही भाग दाट असेल तर १०-२० मिलिलिटर सलाइन सोडून पुन्हा ओढून घ्यावे. असे धुणे दोन-तीनदा केले की बारीक गुठळ्याही निघून येतात. पोकळीच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या पडद्यावर दिसल्या की काम झाले. नुसत्या हाताने चाचपून सुई घालणाऱ्याला ही शेवटची गोष्ट कळायला मार्गच नसतो. दोन कप्प्यांपैकी एक रिकामा झाला आणि दुसरा तसाच राहिला तरी त्याला काम पुरे झाल्यासारखे वाटते. पाच मिलिलिटर निघून पुढे काहीच आले नाही तर गाठ अजून घट्ट आहे असे समजून सोडून द्यावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. गुठळी विरघळवणारी औषधे पोकळीत सोडण्याचे प्रयोग झाले आहेत; निवडक रुग्णांत त्यांचा उपयोग होतो, पण नित्याच्या कामात मी ती वापरत नाही, कारण नुकत्याच बंद झालेल्या रक्तवाहिनीशी खेळण्यापेक्षा आठवडाभर थांबणे मला पटते. रक्त गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त आले तर नमुना जंतुपरीक्षेला पाठवावा आणि पोकळीत बारीक नळी ठेवून निचरा चालू ठेवावा. मधुमेही रुग्णांत ही वेळ अधिक येते.

सुई काढली म्हणजे उपचार अर्धा झाला. रिकामी पोकळी उघडी राहिली तर ती पुन्हा भरते. जागेवर गॉझची घडी ठेवून पायाच्या घोट्यापासून वरपर्यंत क्रेप बँडेज समान दाबाने बांधावे लागते. फक्त मांडीवर आवळून बांधले तर खालचा पाय सुजतो. बोटे थंड किंवा निळसर पडली, बधिर झाली, तर पट्टी तत्काळ सोडून पुन्हा सैल बांधावी. पट्टी साधारण आठवडाभर ठेवावी आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा सोनोग्राफी करून पोकळी मिटलेली आहे का ते पाहावे. त्याच दिवशी खडबडीत रस्त्याने दुचाकीवर मागे बसून घरी जाणे मी पसंत करत नाही. बेळगावात पाहुण्यांकडे एक रात्र राहता आले तर राहावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण घरोघरी आता अशा गोळ्या आहेत. हृदयाची झडप बदललेले आणि नाडी अनियमित असलेले पुष्कळ ज्येष्ठ नागरिक अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेतात, आणि त्यांना पलंगाच्या काठाचा मार लागला तरी नडगीवर किंवा दंडात मोठा साठा होतो. अशा रुग्णाची आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, त्याच दिवशी झाली पाहिजे. मांडीतल्या खोल साठ्यासाठी आयएनआर साधारण २ च्या खाली आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असल्याशिवाय मी सुई घेत नाही. वरवरच्या गाठीत थोडी सूट देता येते. मात्र गोळी परस्पर बंद करू नये. कृत्रिम झडपेवर गुठळी बसण्याचा धोका मांडीतल्या गाठीपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून गोळी किती दिवस व कशी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगावे. वृद्धांच्या नडगीवरचा साठा ही आणखी निराळी बाब आहे. तेथे कातडीखाली मांस जवळजवळ नसते. रक्ताच्या दाबाने कातडी काळी पडून मरू शकते. ती ताणून चकाकू लागली असेल, फोड आले असतील, तर सुईची वाट न पाहता शल्यविशारदांनी तो साठा लवकर उघडून काढावा हेच बरे.

ट्रॅक्टरचे किंवा ट्रॉलीचे चाक पायावरून गेलेल्या रुग्णांत एक प्रकार मुद्दाम शोधावा लागतो. चाकाच्या ओढीने कातडी व चरबी खालच्या स्नायूच्या आवरणापासून सुटून येते आणि मधल्या पोकळीत रक्त, लसिका व चरबीचे थेंब साठतात. मांडीच्या वरच्या बाहेरच्या अंगाला, खुब्याच्या हाडाजवळ, हे अधिक आढळते. एकोणिसाव्या शतकात मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यविशारदाने त्याचे वर्णन केले आणि आजही ती इजा त्याच्याच नावाने ओळखली जाते. साध्या साठ्यासारखे ते सुईने काढले तर पुन्हा पुन्हा भरते. विशेषतः ५० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव निघाला तर केवळ सुईवर भागण्याची शक्यता कमी असते. तेथे नळी ठेवणे, पोकळी चिकटवणारे डॉक्सिसायक्लिनसारखे औषध आत सोडणे किंवा शस्त्रक्रिया, यांतून निवड करावी लागते. आपल्या भावाच्या मांडीवरून चाक गेलेले नाही, म्हणून तो विषय येथे थांबवतो.

आता वस्तादांच्या मालिशीविषयी. बेळगाव परिसरातील तालमींतल्या वस्तादांचा शरीराचा अभ्यास मोठा असतो आणि लचक, चमक, थकवा यांसाठी त्यांच्या हाताला मी कधी नाव ठेवले नाही. परंतु मुका मार लागून रक्त साकळलेल्या स्नायूवर, विशेषतः मांडीच्या पुढच्या बाजूला आणि कोपराजवळ, पहिल्या काही आठवड्यांत जोराने रगडल्यास किंवा गुडघा बळेच वाकवल्यास त्या रक्तात हाड तयार होऊ लागण्याची शक्यता वाढते. गाठ दगडासारखी होते आणि गुडघा अडकतो तो महिनोन्‌महिने. सोनोग्राफीत या हाडाची सुरुवात कडेकडेने पांढऱ्या कवचासारखी दिसते, आणि ती एक्स-रेवर दिसण्याच्या आधी दिसते. आपल्या भावाच्या गाठीत असे कवच तयार होऊ लागले असेल तर सुईचा बेत रद्द करावा लागेल, कारण तेव्हा काढण्याजोगे काही उरत नाही आणि टोचल्याने त्रास वाढतो. शेकणे, गरम लेप, हळद-मिठाचे पोटीस हे सर्व पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तस्राव वाढवतात. त्या काळात कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दिवसातून काही वेळा, आणि दाबपट्टी एवढेच करावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यावे, अ‍ॅस्पिरिन टाळावे.

एक व्यावहारिक मुद्दा राहतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते यंत्र केवळ स्नायू पाहण्यासाठी असले तरीही, आणि नोंदणी झालेल्या जागेबाहेर ते मनास येईल तसे नेता येत नाही. त्यामुळे गावातल्या दवाखान्यात किंवा घरी यंत्र आणून रक्त काढून देतो असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात यंत्र नसेल तर त्यांनी व क्ष-किरण तज्ज्ञांनी मिळून हे काम करावे. बेळगावात ते सहज जमते. जाताना जुना सोनोग्राफी अहवाल, शक्य असेल तर त्याच्या प्रतिमा, एक्स-रे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. सहमतीपत्रक बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत छापलेले असते. ते वाचता येत नसेल तर त्यातला मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. तसे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

रक्त निघाल्यानंतर पहिले दोन दिवस भावाने मांडीला विश्रांती द्यावी. त्यानंतर गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणे व सोडणे, आणि मग दुखणार नाही इतपतच गुडघा वाकवणे, हा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू करावा. साठा एकदा पुन्हा भरला तर पुन्हा काढता येतो. तिसऱ्यांदा भरला तर सुई बाजूला ठेवून पोकळीला कवच आले आहे का, रक्त गोठण्यात दोष आहे का, हे तपासावे आणि एमआरआय करावा; कवच जाड झालेले असेल तर शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे तेव्हा योग्य ठरेल. हंगाम चालू आहे आणि टोळी थांबणार नाही हे मी समजू शकतो, तरीही दोन्ही गुडघे सारखे वाकू लागेपर्यंत आणि उजव्या पायावर न लंगडता जिना चढता येईपर्यंत त्याने उसाची मोळी खांद्यावर घेऊ नये.